खटका

इंटरनेटवरचं काहीही वर्गात न्यायचं झालं की हेमांगी कुबल ते आधी दोनदा बघायची. एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. "आवाज बंद केला की माणसाचे हात काय करतायत ते दिसतं," असं ती नव्या शिक्षकांना सांगायची. मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत ती सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवत होती, आणि तिच्या वर्गात मुलांनी पडद्यावर नको ते पाहिलं असं एकदाही घडलं नव्हतं.

२०३४ साली शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात 'घरच्या घरी ढग बनवा' नावाचा गोड व्हिडिओ दाखवला गेला. एक हसरा तरुण एका बाटलीतला द्रव दुसऱ्यात ओतत होता. सभागृहातल्या एकवीस शिक्षकांनी तो चालेल म्हणून सांगितलं. हेमांगी उभी राहिली आणि म्हणाली, "थांबवा. त्याने लेबल बाहेरच्या बाजूला वळवलेलं नाही. एकात संडास धुवायचं ॲसिड आहे आणि दुसऱ्यात कपड्यांचं ब्लीच. हा ढग क्लोरीनचा आहे. एखादं मूल न्हाणीघराचं दार लावून हे करून बघेल."

"तुम्हाला कसं कळलं?" कुणीतरी विचारलं.

"कळलं नाही. आधी पोटात खटकलं. मग शोधलं."

सभागृहात मागच्या रांगेत पुण्याच्या डॉ. फरहाना इनामदार बसल्या होत्या. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, आणि पुढे जे सगळं झालं त्याची सुरुवात तिथे झाली.

त्या काळात शिक्षकांची मोठी पंचाईत होती. जगातलं उत्तम ज्ञान नेटवर फुकट पडलं होतं, आणि त्याला खेटूनच जीवघेणा कचराही. शब्द पाहून अडवणारी जुनी यंत्रं काही कामाची नव्हती. त्यांनी सातवीचा सस्तन प्राण्यांचा धडा अडवला, कारण त्या शब्दाच्या पोटात त्यांना नको तो शब्द सापडला; आणि क्लोरीनचा ढग मात्र सोडला, कारण तो तरुण फार सभ्य भाषेत बोलत होता.

फरहाना इनामदारांचा विचार वेगळा होता. मुरलेल्या शिक्षकाला धोका आधी अंगाला कळतो, मग डोक्याला, आणि शब्दांत येतो तो सगळ्यात शेवटी. तळहाताला सूक्ष्म घाम येतो, नाडी एक ठोका पुढे सरकते, डोळ्यातली बाहुली मोठी होते. हे सगळं अर्ध्या सेकंदात. तो अर्धा सेकंद पकडून यंत्राला शिकवता आला तर? राज्यभरातून चाळीस शिक्षक निवडले गेले. त्यांना 'पारखी' म्हणायचे. प्रत्येकाला मनगटाचा पट्टा आणि बाहुली मोजणारा चष्मा मिळाला. शाळा सुटल्यावर रोज दोन तास त्यांनी व्हिडिओ बघायचे आणि हिरवं, पिवळं किंवा लाल बटण दाबायचं. त्यावरून शिकलेलं यंत्र मग बाकीचे लाखो व्हिडिओ स्वतःच चाळायचं. म्हणून त्याचं नाव 'चाळण'. गडचिरोलीतल्या एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी लिंक टाकली की चार सेकंदांत दिवा लागायचा. हिरवा म्हणजे दाखवा, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे नको.

एक गोष्ट मात्र चाचण्यांत दिसून आली होती. बोट हिरवं म्हणतंय आणि अंग लाल म्हणतंय, असं झालं तर दहांतल्या सात वेळा अंगच खरं ठरायचं. म्हणून यंत्राने बोटापेक्षा अंगावर जास्त विश्वास ठेवायचा, असं ठरलं. आणि ज्या पारख्याचं अंग सगळ्यात जास्त वेळा खरं ठरलं त्याच्या खटक्याला सगळ्यात जास्त वजन. चाळिसांत पहिला नंबर हेमांगीचा होता.

आता रसिकाविषयी सांगायला हवं.

रसिका हेमांगीची धाकटी बहीण. दहावीला गणितात दोनदा नापास झाली, पुढे शिकण्याचं नावही काढलं नाही, आणि एकविसाव्या वर्षी खडपेवाडीच्या होडीवाल्या खोबरेकरांकडे दिली. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी उतरलं, की ती खडपांवर, किनाऱ्यालगतच्या खडकांवर, कालवं काढायला जायची. चार वर्षांपूर्वी एके दिवशी तिने मोबाइल एका दगडाला टेकवून ठेवला आणि कालवाविषयी बोलायला सुरुवात केली. 'सुकतीची शाळा' असं तिने त्याचं नाव ठेवलं. आता नऊ लाख लोक तिला बघत होते. कोकण न पाहिलेली मुलं तिला 'मावशी' म्हणत होती.

हेमांगीच्या घरी त्यांची आई राहायची. सकाळी गोळ्या, दुपारी पेज, संध्याकाळी पाय चोळून देणं, सगळं हेमांगीकडे. एका संध्याकाळी ती पाय चोळत असताना आई मोबाइलकडे बघत खुदकन हसली.

"काय गो हसतंस?"

"ह्यां आमचा रसू. कसा सांगता बघ! हिच्यासारखा सांगूचा कोणाक जमाचा नाय."

हेमांगीचा हात क्षणभर थांबला. मग तिने तेल थोडं जास्तच घेतलं.

सावंतवाडीच्या प्रशिक्षणात एका बाईंनी रसिकाचाच व्हिडिओ लावला. "याला म्हणतात शिकवणं," त्या म्हणाल्या. समोर तिची सख्खी बहीण बसली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांबरोबर हेमांगीनेही टाळ्या वाजवल्या. सत्तावीस वर्षांत तिच्या तासाला कुणी टाळी वाजवली नव्हती. मुलं तिला भीत नसत, तिचा आदर करत. तिच्या हाताखालची दोन मुलं डॉक्टर झाली होती. पण तास संपला की वर्गात मुलं सुस्कारा टाकायची, आणि तो सुस्कारा तिला फळा पुसताना पाठीवर ऐकू यायचा.

आणि मग ऑक्टोबरमध्ये, पारखीचं काम करताना, रसिकाचे नऊ व्हिडिओ एकापाठोपाठ एक तिच्याच पडद्यावर आले. चाळणीला नाती माहीत नव्हती.

पहिला व्हिडिओ कालवाचा होता. पडद्यावर रसिका गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून खडपावर बसली होती. "ह्या कालवाक पाय नाय," ती म्हणाली. "एकदा बसला काय बसला. तुमच्या बापाशीसारखा, उठूचा नाव नाय!" आणि कॅमेऱ्यामागे कुणीतरी पोरगी खिदळली.

मृदुकाय प्राणी. दरवर्षी हेमांगी त्यांची आकृती फळ्यावर काढायची, नावं द्यायची, बाण काढायची. रसिकाने तोच धडा दीड मिनिटात आटपला होता, आणि त्यात एकही चूक नव्हती. हेमांगीने तो पुन्हा लावला. आवाज बंद करून लावला. तिसऱ्यांदा लावला. एखादी चूक सापडावी, एवढीशी, असं तिला आतून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. चूक सापडली नाही. तिने हिरवं बटण दाबलं. नऊच्या नऊ वेळा तिने हिरवंच दाबलं, आणि आपण निदान अन्याय तरी केला नाही अशा समाधानाने चष्मा काढला.

पट्ट्याखालचं मनगट ओलं झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चाळणीची नवी आवृत्ती सगळ्या शाळांत गेली. चौथ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत इतिहासाचे परब सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या बहिणीचे व्हिडिओ लाल दाखवतोय. सगळेच. कारण काय देतोय माहीत आहे? 'अनुभवी पारख्याला खटका. कारण शब्दांत नाही.' "

"यंत्राचं काहीतरी असेल," हेमांगी म्हणाली. तिने चहाचा घोट घेतला. त्या दिवशी तो चहा तिला फार चांगला लागला, इतका की तिने दुसरा कप मागितला. दुपारी एकटी प्रयोगशाळेत बसली तेव्हा तिला उमगलं की खरं कारण आपल्याला ठाऊक आहे. तिचं बोट प्रामाणिक राहिलं होतं. पण अंगाने सगळं सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी रसिकाचा फोन आला. "ताय, तू थंयच आसस मां त्या कामात? बघ गो जरा. माझा काय चुकला काय? माका शाळेतसून इतकी पत्रां येयत, सगळी बंद झाली."

"बघते," हेमांगी म्हणाली.

तिने काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा "बघते." असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत हेमांगी बरी झोपली, हे कबूल करायला हवं. वर्गात कुणी "मॅडम, मावशीचा व्हिडिओ लावा ना" म्हटलं की ती लिंक टाकायची, लाल दिवा लागायचा, आणि ती शांतपणे म्हणायची, "बघा, यंत्र नको म्हणतंय." मग खडू घेऊन आकृती काढायची. एकदा तर आकृती काढता काढता आपण गुणगुणतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती दचकली.

पण यंत्र एका माणसाशी थांबत नसतं. ते नमुना शोधतं. रसिकाच्या नऊ व्हिडिओंत हेमांगीच्या अंगाला जे झोंबलं होतं, ते चाळणीने वेचून घेतलं: घरची बोली, शिकवण्याची पदवी नसलेला माणूस, मोकळं हसणं, अवघड गोष्ट सहज सांगणं. इतर पारख्यांच्या अंगातही असल्या माणसांकडे बघताना बारीकशी लहर उठलेली होतीच. हेमांगीच्या वजनदार खटक्याने त्या सगळ्या लहरींना बळ दिलं. डिसेंबरच्या सुरुवातीला नंदुरबारकडची एक आजी लाल झाली, जी चुलीसमोर बसून अहिराणीत उष्णता समजावून सांगायची. सोलापूरचा एक चांभार लाल झाला, जो चपलेच्या कातड्यावर कोन शिकवायचा. हिरव्या दिव्याखाली उरले ते कोट घातलेले, एका सुरात वाचणारे लोक, ज्यांच्याकडे पाहून कुणाच्याही मनात काहीच उठत नव्हतं.

फरहाना इनामदार स्वतः पुण्याहून गाडी घेऊन आल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर त्यांनी संगणक उघडला. पडद्यावर हेमांगीच्या नाडीची रेघ होती, ऑक्टोबरची.

"हेमांगीताई, हे बघा. तुमचं बोट हिरवं आणि अंग लाल. नऊच्या नऊ वेळा. इतका जोरदार खटका तुम्ही लाल ठरवलेल्या एकाही व्हिडिओला नव्हता." त्या पुढे झुकल्या. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, होता तो निव्वळ आदर. "आम्ही सहा जणांनी ते व्हिडिओ चाळीस वेळा पाहिले. आम्हाला धोका दिसत नाही. पण तुम्हाला दिसला असणार. तो काय होता एवढं सांगा, म्हणजे यंत्राला कारण देता येईल आणि बाकीचे व्हिडिओ मोकळे करता येतील."

सुटायची वाट समोर उघडीच होती.

"खडपं निसरडी असतात," ती म्हणाली. "शेवाळ. मुलं घसरतील."

"बरोबर!" फरहानांनी पेन काढलं. "शेवाळ... आणि?"

पेन कागदावर सरसर चालत होतं. हेमांगी त्या अक्षरांकडे बघत राहिली. खोटं इतक्या सुवाच्य अक्षरात उमटताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"लिहू नका," ती म्हणाली.

"का?"

"ती माझी बहीण आहे. सख्खी. व्हिडिओत धोका काही नाही. मला... मला तिचं बघवत नाही. इतकंच आहे ते. मी इतकी वर्षं जे घासून घासून शिकले ते तिला आपोआप येतं. तुमच्या यंत्राने तेवढंच मोजलंय."

फरहानांनी कागदावरचं 'शेवाळ' खोडलं.

"घाम तोच," त्या हळूच म्हणाल्या. "बाहुली तीच. धोका बघितला काय आणि मत्सर वाटला काय, शरीराची कळ एकच दाबली जाते. हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, हे दुरुस्त करायचं तर यंत्राला मत्सर वेगळा ओळखायला शिकवावं लागेल. त्यासाठी खरा मत्सर लागेल, नाव लावलेला. मी उरलेल्या एकोणचाळीस जणांना विचारीन. पण तुम्ही द्याल?"

"आधी तिला सांगते," हेमांगी म्हणाली.

रसिका घरापुढच्या खळ्यात सुके बांगडे उलटत बसली होती. हेमांगीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, न थांबता, शाळेतलं मूल पाठ म्हणून दाखवतं तसं. रसिकाने मान वर केली नाही. शेवटचा बांगडा उलटून झाल्यावर तिने हात पदराला पुसले.

"जळलंस, तां चलात," ती म्हणाली. "बहिणी जळतत. पण तीन आठवडे मी रोज तुका फोन करी होतंय, ताय. रोज. आणि तू म्हणत होतंस, बघते." ती उठली. "आता जा तू. माका कामां आसत."

उरलेल्या एकोणचाळीस पारख्यांपैकी एकानेही मत्सर असल्याचं मान्य केलं नाही. म्हणून महिनाभर रोज हेमांगी एकटीच पट्टा बांधून रसिकाचे व्हिडिओ बघत बसली. आता चौथं बटण होतं. मनात जळजळ उठली की ते दाबायचं. ती दाबत राहिली. एकशे बारा व्हिडिओ. तिला वाटलं होतं, इतकं बघून बघून ती धार बोथट होईल. झाली नाही. उलट रसिका किती चांगली आहे हे तिच्याइतकं बारकाईने आता कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या शब्दाआधी ती थांबते, कुठे उगाच नाक पुसते, मुलाला प्रश्न पडायच्या आत उत्तराची चाहूल कशी देते. एक मुरलेली शिक्षिकाच हे ओळखू शकते, आणि ओळखून असं जळू शकते.

फेब्रुवारीत चाळण दुरुस्त झाली. नंदुरबारची आजी हिरवी झाली, सोलापूरचा चांभार हिरवा झाला, रसिका हिरवी झाली. आणि 'हिरवं बोट, लाल अंग' ही थट्टा शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरली. नाव कुठून फुटलं कुणास ठाऊक, पण फुटलं. परब सर तिच्याशी जरा जास्तच नम्रपणे बोलू लागले. आईने विचारलं, "रसू येणा कशी नाय गो हल्ली?" आणि हेमांगीने गोळ्यांचं पाकीट शोधायचं निमित्त केलं.

मार्चमध्ये रसिकाचा नवा व्हिडिओ आला: 'सुकतीक खडपार काय काय गावता'. खडपावरच्या डबक्यांतून चालत ती खेकडे, समुद्रफुलं, इवलाले मासे दाखवत होती. सुरेख होता. हेमांगीची जळजळ नेहमीसारखी उठली. पण तिच्या खाली आणखी काहीतरी होतं. तिने आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळी तिला दिसलं. सुरुवातीला रसिकाच्या खांद्यामागे, खडप आणि किनारा यांच्यामधल्या चरात, कालवांनी पांढरा झालेला एक दगड होता. शेवटी तो नव्हता. पाणी मागून आलं होतं. समोर समुद्र अजून लांब, खडप कोरडं, आणि परतीची वाट मात्र भरत चाललेली. रसिका बोलता बोलताच साडी वर घेऊन चर ओलांडून आली होती, अंगणातून ओटीवर यावं तशी. तिचं तिलाही कळलं नसेल.

हेमांगीने लाल बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: 'तुमच्या खटक्यात मत्सराचा नमुना आढळला. निर्णय इतर तिघांकडे पाठवला आहे.'

ते तिघे सांगली, अकोला आणि नागपूरचे. तिघांनीही हिरवं दाबलं. समुद्राचं पाणी मागून येऊ शकतं हे त्यांनी कुठे पाहिलेलं असणार?

तिने फरहानांना फोन लावला. "ताई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," त्या अवघडून म्हणाल्या. "पण तुम्ही आणि तुमची बहीण, या जोडीबाबत यंत्राला आपणच हे शिकवलंय ना? आणि मागे ते शेवाळ..."

चाळणीवर शिक्षक आपला पाठ नोंदवत. त्या व्हिडिओखाली पहिली नोंद राधानगरीकडच्या चौगुले गुरुजींची होती: आधी वर्गात व्हिडिओ, मग शनिवारी खडपेवाडीला सहल, चौतीस मुलं. हेमांगीने त्यांना फोन केला.

"मॅडम, राग मानू नका," चौगुले गुरुजी म्हणाले. "तुमचं ते ऐकलंया आमी. आणि खोबरेकर मावशी स्वतः येणार हाईत की दाखवायला. तुमी कशाला काळजी करता?"

रसिकाने तिचा फोन उचललाच नाही.

शनिवारी सकाळी हेमांगी खडपेवाडीच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा साडेदहा झाले होते आणि सुकती पुरी उतरली होती. चौतीस मुलं रसिकाभोवती गोळा झाली होती. "मावशी, ह्यो मेला काय?" "मावशी, ह्यो चावतोय?" रसिका सगळ्यांना एकाच वेळी उत्तरं देत होती. हेमांगीला बघून ती गप्प झाली.

"कशाक इलंस?"

"मुलांना खडपावर नेऊ नकोस. मधला चर मागून भरतो."

"माका शिकयतंस तू?" रसिकाचा आवाज चढला. "मी जन्मभर हंय चलतंय. मी आसंय मां त्यांच्या वांगडा! अजून जळतंस तू?"

मुलं ऐकत होती. चौगुले गुरुजी वाळूकडे बघू लागले.

"जळते," हेमांगी म्हणाली. मुलांसमोर असं काही तोंडातून काढायची तिच्यावर पहिलीच वेळ होती. "आत्ता इथे उभी राहून जळते. पण आज तू आहेस त्यांच्याबरोबर. पुढच्या शनिवारी साताऱ्याचे कुणी गुरुजी तुझा व्हिडिओ दाखवून मुलं घेऊन येतील, तेव्हा तू असशील?" ती गुरुजींकडे वळली. "पाऊण तास द्या मला. मुलं इथेच बसू देत. काही झालं नाही तर मी घरी जाते, पुन्हा तोंड उघडणार नाही."

उत्तराची वाट न बघता तिने चपला काढल्या, चर ओलांडला आणि खडपाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पन्नाशीची बाई, कडक इस्त्रीची साडी, समुद्राकडे तोंड करून. मुलं आधी हसली. मग कंटाळून वाळूत रेघा मारू लागली. पंधरा मिनिटं गेली. खडप कोरडंच होतं. अर्धा तास झाला. हेमांगीच्या मनात आलं, आपलंच चुकलं असेल तर? तो खटका खरंच मत्सराचाच असेल तर? आता तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. तिला मागे वळून बघायचं होतं, पण तिने ठरवलं होतं, बघायचं नाही. घाटावरून आलेलं मूल मागे बघणार नाही.

"गुरुजी!" एक मुलगी ओरडली. "त्या बाईंच्या माघारी पाणी आलं!"

हेमांगी वळली. चर भरला होता. समोरचं खडप अजून सुकंच, आणि मागे हिरवं पाणी आवाज न करता दोन्ही बाजूंनी येऊन मिळत होतं. ती उतरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. पायाखालचा दगड सरकला आणि तिचा तोल गेला. कुणीतरी दंड पकडला. रसिका पाण्यात धावत आली होती.

दोघी किनाऱ्यावर आल्या. चौगुले गुरुजी पांढरेफटक पडले होते; ते मुलांच्या उंचीकडे बघत होते. रसिका धापा टाकत चराकडे बघत राहिली.

"माका तां दिसतच नाय गो," ती शेवटी म्हणाली. "रोजचा पाणी. कोण बघता त्येका?" मग म्हणाली, "व्हिडिओ काढून टाकतंय. नवीन करूचो लागतलो." आणि जरा थांबून, "पाण्याचा तू सांग. तुका ठावक आसा."

तिने मोबाइल धरला. ओल्या साडीत हेमांगी उभी राहिली आणि सांगू लागली: भरतीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याच्या सखल भागात पाणी प्रथम शिरते, त्यामुळे... दुसऱ्या वाक्यालाच एका मुलाने जांभई दिली. रसिकाने मोबाइल खाली केला.

"रव, ताय. तू वाचून दाखयल्यासारखा सांगतंस." तिने मोबाइल हेमांगीच्या हातात दिला, पदर खोचला आणि मुलांकडे वळली. "आयकलास काय रे! दर्यो लबाड आसा. तो पुढच्या दारान येणा नाय, मागच्या दारान येता. म्हणून दर दहा मिन्टांनी काय करूचा? पाठ फिरवून बघूचा!" तिने गर्रकन मान वळवून, डोळे वटारून मागे पाहिलं. चौतीस मुलं खदखदून हसली आणि चौतीस मुलांनी गर्रकन माना वळवल्या.

चार वाक्यं. जन्मभर विसरणार नाहीत अशी. मोबाइल धरलेल्या हेमांगीच्या मनात ती ओळखीची आग पुन्हा पेटली. ती विझेल असं तिला वाटलं नाही. तिने हात हलू दिला नाही; रसिका चौकटीच्या बरोबर मधोमध राहील असा तो धरून ठेवला.

मग गुरुजी मुलांना डबे खायला सुरूच्या झाडांखाली घेऊन निघाले. रसिका पुढे, मुलं तिच्या मागे, गलका करत. हेमांगी सगळ्यात शेवटी राहिली आणि मुलं मोजू लागली. चौतीस भरली. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.